आमिश गोधडी: मर्यादेची कला

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर परगण्यात, सुमारे १८८० पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या काळात, ज्या शेतकरी स्त्रियांनी चित्रकलेचे शिक्षण कधी घेतले नव्हते, केवळ शोभेसाठी भिंतीवर चित्र लावणे ज्यांच्या समाजाच्या शिस्तीत बसत नव्हते आणि स्वतःची तसबीर काढून घेणे हेही ज्यांना गर्वाचे लक्षण वाटत होते, अशा स्त्रियांनी आपल्या घरच्या बिछान्यांसाठी शिवलेल्या लोकरी गोधड्या आज त्या देशातील नामांकित संग्रहालयांत मोठ्या जपणुकीने ठेवलेल्या आहेत. त्यांच्या कापडजोडणीत फूल नाही, पान नाही, पशुपक्षी नाही, कथा नाही. गर्द जांभळ्या चौकोनात कोनावर उभा केलेला किरमिजी चौकोन आणि त्याभोवती गडद हिरव्या कापडाचा रुंद काठ, एवढाच काय तो पसारा. परंतु त्यासमोर थोडा वेळ उभे राहिले की एका रंगाने दुसऱ्याला ढकलावे, तिसऱ्याने दोघांना आवरून धरावे असा जो खेळ डोळ्यांपुढे सुरू होतो, तो पाहून मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की इतक्या कडक विरक्तीच्या घरातून इतका प्रखर रंग आला कोठून? प्रस्तुत ग्रंथाचा उगम या प्रश्नात आहे.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रचारात आहेत, आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. पहिले उत्तर असे की, ही साध्याभोळ्या, गरीब, जगापासून दूर राहिलेल्या लोकांची कला आहे. घरातल्या चिंध्या वाया जाऊ नयेत म्हणून त्या जोडल्या आणि योगायोगाने त्या सुंदर दिसल्या. दुसरे उत्तर नगरांतील कलारसिकांचे. त्यांच्या मते या स्त्रियांनी नकळत आधुनिक अमूर्त चित्रे रंगविली, आणि त्यांचे मोल ठरवायचे ते त्या चित्रांच्या मापाने. पहिल्या उत्तरात कर्त्या स्त्रीची बुद्धी नाहीशी होते, दुसऱ्यात तिचा समाज नाहीसा होतो. आमिश गोधडी ही एका समाजाने विचारपूर्वक आखून घेतलेल्या मर्यादेच्या आत, त्या मर्यादेचा कस लावून, जाणत्या नजरेने केलेली निर्मिती आहे, आणि ती मर्यादा समजून घेतल्यावाचून तिचे सौंदर्यही पुरते उमगत नाही, हे या ग्रंथाचे प्रतिपाद्य असून प्रस्तावनाकार या नात्याने मी त्याशी पूर्णपणे सहमत आहे.

ही मर्यादा आली कोठून, हे पाहण्यासाठी सोळाव्या शतकातील युरोपात जावे लागते. १५२५ साली झुरिक शहरात काही तरुणांनी असा आग्रह धरला की बाप्तिस्मा हा समजत्या वयात, स्वतःच्या विश्वासाने घ्यावयाचा संस्कार आहे, तान्ह्या मुलावर लादावयाचा नव्हे. आणि धर्माच्या बाबतीत राजसत्तेचा हुकूम चालणार नाही. या आग्रहाची शिक्षा मरणाची होती. १५२७ च्या जानेवारीत त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ यास झुरिकमध्येच लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले, आणि पुढील कित्येक दशके या अ‍ॅनाबाप्टिस्ट लोकांचा छळ युरोपभर चालू राहिला. त्यांच्यातील नेदरलंडकडील शाखेस मेनो सिमन्स याच्या नावावरून मेनोनाइट हे नाव पडले. पुढे १६९३ मध्ये स्वित्झर्लंड आणि आल्सास या मुलखांतील मंडळींत शिस्तीच्या प्रश्नावरून फूट पडली. नियम मोडणाऱ्यास कडकपणे वाळीत टाकावे, पेहराव साधा असावा, परस्परांचे पाय धुण्याचा विधी पाळावा, असे म्हणणाऱ्या याकोब आमान याच्या पक्षास आमिश म्हणू लागले. विल्यम पेन यास १६८१ साली इंग्लंडच्या राजाकडून पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली होती आणि धर्मस्वातंत्र्याची हमी तेथे दिली गेली होती. तिच्या भरवशावर अठराव्या शतकात आमिश कुटुंबे अटलांटिक ओलांडून आली. युरोपातील त्यांची अखेरची मंडळी १९३७ मध्ये मेनोनाइटांत विलीन झाली, म्हणजे ज्या भूमीत हा पंथ जन्मला तेथे आज तो नाही. अमेरिका व कॅनडात मात्र त्यांची संख्या आजमितीस चार लाखांच्या घरात गेली आहे. मराठी वाचकास यातील एक धागा अगदीच परका नाही: याच कुळातील मेनोनाइट मंडळींनी १८९६-९७ च्या दुष्काळानंतर, १८९९ मध्ये, धमतरी येथे आपले मिशन उभारले, आणि धमतरी त्या वेळी नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांतात मोडत असे.

आमिश जीवनाचा पाया म्हणजे ओर्डनुंग, अर्थात वहिवाटीने चालत आलेली आणि बहुतांशी अलिखित अशी आचारसंहिता. साधारणपणे पंचवीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी असते. तिची उपासना देवळात होत नाही, एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी पाळीपाळीने सभासदांच्या घरी होते, आणि ओर्डनुंग काय असावी याचा निर्णय तीच मंडळी वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, एकमताने करते. टोपीची कड किती रुंद असावी, बग्गीच्या टपाचा रंग कोणता, घरात वीज घ्यावी की नाही, हे सारे तिच्या कक्षेत येते. बाहेरच्या माणसास हे जाचक वाटते. परंतु त्यामागील विचार असा की प्रत्येक नवी वस्तू घरात येताना कुटुंबाच्या व शेजाराच्या नात्यांवर तिचा काय परिणाम होईल हे आधी पाहावे आणि मग तिला दार उघडावे. या वृत्तीस ते गेलासेनहाइट म्हणतात: स्वतःची इच्छा देवाच्या व समाजाच्या इच्छेपुढे नमविणे. गोधडी या छाननीतून पार पडली, कारण ती उपयोगाची होती. पाय-शिवणयंत्रही पार पडले. छापील फुलांचे कापड अंगावर घालण्यास मात्र परवानगी मिळाली नाही, आणि ज्या कापडाचा पोशाख त्याच कापडाची गोधडी, या साध्या कारणाने आमिश गोधडी एकरंगी कापडाची झाली. तिच्या सौंदर्याचा पहिला आधार असा एका नकारात आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोधडी हा आमिश लोकांचा युरोपातून आणलेला वारसा नव्हे. त्यांच्या पूर्वजांच्या मुलखात पिसांनी भरलेल्या दुलया वापरीत, आणि पेनसिल्व्हेनियातील मृतांच्या मालमत्तेच्या ज्या जिन्नसवार याद्या सरकारी दफ्तरांत शिल्लक आहेत, त्यांतही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आमिश घरांत गोधडीची नोंद क्वचितच सापडते. ही विद्या त्यांनी इंग्रज, वेल्श आदी शेजाऱ्यांकडून उचलली, आणि तीही उशिरा. आज उपलब्ध असलेल्या बहुतेक जुन्या आमिश गोधड्या १८७० नंतरच्या आहेत. तोपर्यंत शेजारणी छापील चिटांकडे, कापडाची फुले कापून वर शिवण्याकडे, मखमल-रेशमाचे वेडेवाकडे तुकडे जोडण्याच्या नव्या छंदाकडे वळल्या होत्या. आमिश स्त्रियांनी मात्र मध्यभागी एक आकृती व तिच्याभोवती चौकटी ही मागे पडलेली मांडणी स्वीकारली आणि तिला आपल्या शिस्तीत बसविले. रंगांची गोष्टही अशीच. १८५६ मध्ये विल्यम पर्किन याने कृत्रिम जांभळा रंग शोधून काढला आणि त्यानंतरच्या काही दशकांत रासायनिक रंगांनी कापडाच्या बाजाराचे रूप पालटले. ज्या जांभळ्या, निळ्या व किरमिजी छटांना आपण आज आमिश म्हणून ओळखतो, त्यांतील पुष्कळशा या कारखान्यांच्या देणग्या आहेत. तेव्हा प्राचीन, अपरिवर्तित, काळाबाहेरची अशी जी विशेषणे या कलेस लावली जातात ती चुकीची आहेत. ती यंत्रयुगातली कला आहे, आणि यंत्रयुगातून काय घ्यावे व काय नाकारावे याचा विवेक तिच्यात दिसतो, म्हणूनच ती मला अधिक मोलाची वाटते.

चिंध्यांची कल्पनाही अशीच टिकत नाही. आपल्याकडील वाकळ जुनी लुगडी-धोतरे एकावर एक पसरून, त्यांतून धावदोरा घालीत शिवली जाते. वापरून मऊ झालेले कापड हाच तिचा प्राण. लँकेस्टरची गोधडी याच्या उलट. तिच्या काठांसाठी व मधल्या आकृतीसाठी जे लांबरुंद सलग तुकडे लागतात ते कपड्यांच्या उरलेल्या कातरणांतून निघणे शक्य नाही. ते दुकानातून किंवा फेरीवाल्याकडून ताग्यावरून कापून, पैसे मोजून आणलेले असत, आणि ते कापड उत्तम प्रतीच्या बारीक लोकरीचे असे. लँकेस्टरची जमीन अमेरिकेतील सर्वांत सुपीक जमिनींपैकी आहे, आणि तेथील आमिश शेतकरी खाऊनपिऊन सुखी होता. ऐपत असूनही डामडौल न करणे ही त्याची निवड होती. त्याच्या बायकोने शिवलेल्या गोधडीतही ती स्पष्ट वाचता येते.

कामाची रीत थोडक्यात सांगतो. गोधडीचे तीन थर: वरचा जोडकामाचा पदर, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा पातळ भराव, खाली अस्तर. वरचे तुकडे बहुधा यंत्रावर जोडीत. मग पत्र्याच्या अथवा पुठ्ठ्याच्या साच्यांनी खडूने किंवा पेन्सिलीने त्यावर नक्षी आखीत, तिन्ही थर लाकडी चौकटीवर ताणून बसवीत आणि चौकटीभोवती बसून हाताने धावदोरा घालीत. चांगल्या कामात इंचाला दहा-बारा टाके सहज भरतात. उत्तम कामात त्याहून अधिक. शेवटी कडेने मगजी लावली की गोधडी पुरी झाली. चौकटीभोवती आया, सुना, लेकी, शेजारणी एकत्र बसत. लहान मुलींना सुयांत दोरे ओवून देण्याचे काम असे. मुलामुलींच्या लग्नाआधी प्रत्येकासाठी गोधड्या तयार ठेवण्याची चाल असल्यामुळे घरात हे काम वर्षानुवर्षे थांबत नसे, आणि सर्वांत चांगली गोधडी रोजच्या वापरात न येता पाहुण्यांच्या खोलीत किंवा पेटीत राही. जुन्या गोधड्या आजवर टिकल्या त्या या चालीमुळे.

आता या कलेच्या निरनिराळ्या परंपरांकडे वळू. त्यांत लँकेस्टरची परंपरा सर्वांत ठाशीव, आणि या ग्रंथाने तिला सर्वाधिक पाने दिली आहेत ती योग्यच आहे. तिच्यात मुख्य आकृत्या तीनच. एक, मध्यवर्ती हिरा: मोठ्या चौकोनात कोनावर उभा केलेला चौकोन. दुसरी, उभ्या पट्ट्या. तिसरी, ऊन-सावली: लहान लहान चौकोनांच्या, छटेछटेने बदलत जाणाऱ्या रांगा केंद्रापासून बाहेर पसरत जातात ती. गोधडी बहुधा चौरस, साडेसहा फुटांच्या आसपास. काठ रुंद, आणि काठांच्या चार कोपऱ्यांत वेगळ्या रंगाचे मोठे चौकोन. मध्यवर्ती हिरा लँकेस्टर आणि तेथून फुटून गेलेल्या वसाहती यांच्याबाहेर जवळजवळ आढळतच नाही. त्याचा उगम आमिशांच्या जुन्या जर्मन भजनसंग्रहाच्या, म्हणजे आउसबुंडच्या, चामडी पुठ्ठ्यावरील पितळी मढणावळीत असावा असा एक तर्क आहे. इंग्रज व वेल्श गोधड्यांतील मध्यवर्ती पदकाची मांडणी सोपी करीत करीत तो सिद्ध झाला असा दुसरा. पहिला तर्क मोहक आहे, परंतु गोधडीची सारी विद्याच शेजाऱ्यांकडून आली असताना तिची आकृतीही तिकडूनच आली असणे मला अधिक संभवनीय वाटते.

लँकेस्टरच्या रंगयोजनेविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. तेथील स्त्रिया रंगचक्राचा अर्धाच भाग प्रामुख्याने वापरीत: किरमिजीपासून जांभळ्या-निळ्यातून हिरव्यापर्यंत. पिवळा व नारिंगी क्वचित, पांढरा जवळजवळ नाहीच. या आखडत्या पट्ट्यात त्यांनी जे साधले त्याचे रहस्य असे की शेजारी ठेवलेल्या दोन रंगांचा गडदपणा पुष्कळदा सारखा असतो. उजेड-अंधाराचा फरक नसल्यामुळे डोळ्यास त्यांची सीमारेषा निश्चित करता येत नाही आणि कडा थरथरल्यासारख्या दिसतात. त्यात बारीक लोकर रंग खोलवर पिते व त्याला किंचित झाक देते, ती सुती कापडास येत नाही. हे सारे शास्त्र म्हणून त्यांना कोणी शिकविले नव्हते. पण एका घरातील गोधडी दुसरीस दिसे, आईची मुलीला दिसे, आणि दोन-तीन पिढ्यांच्या पाहण्यातून नजर तयार होत गेली. अशा नजरेस नैसर्गिक प्रेरणा म्हणणे हा त्या स्त्रियांवर अन्याय आहे. ती अभ्यासाने कमावलेली होती.

आणि मग टाके. दुरून पाहणाऱ्यास केवळ सरळ रेषा व सपाट रंग दिसतात. जवळ जाऊन, उजेड तिरका पडू दिला की त्या सपाट रंगावर पिसांच्या वळणदार माळा, गुलाब, ट्यूलिप, द्राक्षवेली, अष्टकोनी तारे, परडीत भरलेली फुले असा अपार नक्षीकामाचा विस्तार उमटून येतो, तोही बहुधा कापडात मिसळून जाणाऱ्या गडद दोऱ्याने. कापडाच्या रचनेत ज्या फुलापानांना वाव नव्हता ती टाक्यांत आली. काहींनी यास नियमातील पळवाट म्हटले आहे. मला ते पटत नाही. आमिश वृत्ती शोभेची वैरी नाही, मिरविण्याची आहे. आणि जी शोभा जवळ येणाऱ्यासच दिसते, बिछान्यावर हात फिरविणाऱ्यास कळते, ती मिरविता येत नाही. लँकेस्टरची गोधडी ही सबंध कलेची परमावधी आहे असे मी मानतो ते मुख्यत्वे तिच्यातील रचना आणि टाके यांच्या या संवादामुळे.

पेनसिल्व्हेनियातच मिफ्लिन परगण्यात किशाकोक्विलास नावाचे खोरे आहे. तेथील लोक त्याला बिग व्हॅली म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस आमिश तेथे जाऊन वसले, आणि मतभेदांतून तेथे तीन फिरके झाले, त्यांच्या बग्ग्यांचे टप पांढरे, पिवळे व काळे. पांढऱ्या टपाचे, ज्यांना नेब्रास्का आमिश म्हणतात, ते सर्वांत कडवे. त्यांच्या गोधड्या चार-चार किंवा नऊ-नऊ चौकोनांच्या साध्या ठोकळ्यांच्या, आणि रंग तपकिरी, निळे, जांभळे. पिवळ्या व काळ्या टपाच्या मंडळींत तीच मांडणी थोड्या मोकळ्या रंगांत दिसते. एकाच खोऱ्यात, एकमेकांच्या शेतांच्या बांधावर राहणाऱ्या लोकांत ओर्डनुंगेच्या सूक्ष्म फरकाने गोधडी कशी बदलते याचा इतका स्वच्छ दाखला दुसरीकडे मिळत नाही.

पश्चिमेकडे गेलेल्या आमिशांची परंपरा निराळी. ओहायोतील होम्स परगण्यात १८०८-०९ च्या सुमारास आणि इंडियानातील लाग्रेंज व एल्कहार्ट या परगण्यांत १८४१ पासून त्यांच्या वसाहती झाल्या. तेथे आमिशेतर शेजाऱ्यांशी देवाणघेवाण अधिक, म्हणून आकृत्यांची संख्याही मोठी: तारे, अस्वलाचा पंजा, समुद्राच्या लाटा, गडगडणारे ठोकळे, इंडियानातील पंखे. कापड सुती, गोधडी चौरसापेक्षा लांबट, आणि विसाव्या शतकात काळ्या रंगाची पार्श्वभूमी हे तिचे ओळखपत्र ठरले. काळ्यावर पिवळा, आकाशी, गुलाबी असे जे रंग लँकेस्टरला चालले नसते ते येथे दिव्यांसारखे उजळतात. इलिनॉय, आयोवा, कॅन्सस येथील कामही याच कुळातले. पाळण्यासाठी शिवलेल्या लहान गोधड्यांत मध्यपश्चिमेकडील स्त्रियांची कल्पकता विशेष खुलली; आयोवातील सॅरा मिलर यांनी, ज्या स्वतः आमिश कुटुंबात जन्मल्या होत्या, जमविलेला अशा गोधड्यांचा संग्रह आज नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन येथील आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बारीक लोकर बाजारातून दिसेनाशी झाली, तिची जागा रेयॉनने आणि पुढे पॉलिएस्टरने घेतली, फिके रंग आवडू लागले, आणि जिला अभिजात म्हणता येईल ती लँकेस्टर परंपरा संपली. आमिश स्त्रिया गोधड्या शिवीतच राहिल्या. जुन्या, गडद गोधड्या मात्र त्यांना कालबाह्य वाटू लागल्या आणि पेट्यांच्या तळाशी गेल्या.

तेथून त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. १९७१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमविलेल्या अमेरिकन गोधड्यांचे प्रदर्शन भरले. त्यांनी गोधड्या पलंगावर न पसरता चित्रांप्रमाणे शुभ्र भिंतींवर टांगल्या, कर्त्यांची वा उपयोगाची चर्चा मागे ठेवली, आणि केवळ रचना व रंग यांकडे पाहण्यास सांगितले. त्यांतील आमिश गोधड्यांनी लोक थक्क झाले. जोसेफ आल्बर्स याची १९५० पासून सुरू झालेली चौकोनांची चित्रमालिका ज्यांनी पाहिली होती, त्यांना तिच्याही आधीच्या शेतकरी स्त्रियांच्या कामात तीच चिकित्सा दिसली. या प्रदर्शनाने गोधडीस कलेच्या दरबारात मान दिला हे निर्विवाद. परंतु १९७३ मध्येच पॅट्रिशिया मेनार्डी यांनी आक्षेप घेतला की, ज्या स्त्रियांनी ही कला घडविली त्यांना वगळून तिला पुरुषांच्या चित्रकलेची पुसट पूर्वछाया ठरविणे हा अन्याय आहे. हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

प्रदर्शनापाठोपाठ व्यापारी आले. त्यांनी शेतघरांची दारे ठोठावली, पेट्यांतल्या गोधड्या रोख रकमा देऊन नेल्या, आणि एका दशकात त्यांच्या किमती हजारो डॉलरांवर गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोतील एस्प्रिट या कपड्यांच्या कंपनीने आपल्या कचेरीच्या भिंतींवर त्या लावल्या. १९९० मध्ये त्या संग्रहाचे पुस्तक निघाले व त्याला रॉबर्ट ह्यूज या कलासमीक्षकाने निबंध लिहिला. पुढे त्यांतील ८२ गोधड्या लँकेस्टरमध्ये परत आणल्या गेल्या. विकणाऱ्या कुटुंबांना याची खंत नव्हती. जुन्या पांघरुणाच्या पैशात मुलासाठी जमिनीची तजवीज झाली तर त्यांच्या दृष्टीने ते शहाणपणच होते. हानी झाली ती निराळी. गोधडी घरातून बाहेर पडली तेव्हा ती कोणी, कोणत्या साली, कोणाच्या लग्नासाठी शिवली ही हकीकत पुष्कळदा मागेच राहिली, आणि संग्रहालयांच्या नोंदवह्यांत कर्तीच्या नावापुढे अज्ञात हा शब्द पडला. आमिश स्त्रीने आपले नाव मिरविले नाही ही तिची विनम्रता; पण तिच्या कुटुंबास माहीत असलेले नाव नष्ट होऊ देणे ही विनम्रता नव्हे, ती बाजाराची बेपर्वाई होती.

त्याच सुमारास पर्यटकांसाठी नव्या गोधड्यांचा धंदा उभा राहिला. एकीने कापड कापावे, दुसरीने जोडावे, तिसरीने आखावे, चौथीने टाके घालावेत अशी घरोघर वाटून दिलेल्या कामाची पद्धत रूढ झाली, आणि शेती अपुरी पडू लागलेल्या कुटुंबांना तिचा आधार झाला. लाओसमधून निर्वासित होऊन लँकेस्टरला आलेल्या ह्मोंग स्त्रिया, ज्यांच्या स्वतःच्या परंपरेत सुईकामाला मोठे स्थान आहे, या धंद्यात शिरल्या आणि आमिश म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोधड्यांवर त्यांचा हात फिरला. जॅनेकेन स्मकर यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात या साऱ्याचा सविस्तर शोध घेतला आहे. दुसरीकडे, वसंताच्या तोंडाशी अग्निशामक दलांच्या मदतीसाठी भरणाऱ्या लिलावांत आणि मेनोनाइट मदतकार्यासाठी होणाऱ्या विक्रीत स्त्रिया आपल्या गोधड्या आजही दान म्हणून देतात. एकाच चौकटीवर पोटासाठीचे आणि धर्मासाठीचे काम चालते. बाजाराने कथाही जोडल्या. देवाशिवाय कोणी परिपूर्ण नाही म्हणून आमिश स्त्रिया प्रत्येक गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवतात ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय. अभ्यासकांना तिला आधार सापडलेला नाही, आणि जिने इंचाला बारा टाके घातले तिला चूक मुद्दाम करावी लागते असे मानणे हेच मुळात अविनयाचे आहे.

या विषयाकडे आज वळण्याचे कारण काय? २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमने आमिश स्त्रियांच्या गोधड्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले, म्हणजे विद्वानांची जिज्ञासा जागी आहे. परंतु याहून मोठे कारण आपल्या जगण्यात आहे. नवी वस्तू, नवे यंत्र हाती आले की ते वापरलेच पाहिजे असे गृहीत धरून आपण चालतो. एका समाजाने तीनशे वर्षे हे गृहीत नाकारले, प्रत्येक वस्तूला प्रश्न विचारला, आणि त्या नकारांनी त्याची सर्जनशक्ती आटली नाही, उलट एकवटली, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा या गोधड्यांत आहे. हा समाज निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. त्याच्या शिस्तीत बाईच्या वाट्याला आलेले मौन आणि आठवी इयत्तेनंतर थांबणारे शिक्षण यांविषयी ग्रंथात स्पष्टपणे लिहिले आहे, आणि ते तसे लिहिले गेले याचा मला आनंद आहे.

लेखिकेने येथे शिवण शिकविण्याचे पुस्तक लिहिलेले नाही, चित्रांचा संग्रहही नाही. गोधडीकडे एकाच वेळी रचना, धर्माचार, कौटुंबिक मिळकत आणि बाजारातला माल या चारही नात्यांनी पाहण्याचा तिचा प्रयत्न आहे. काही ठिकाणी तिचे विवेचन ओर्डनुंगेच्या तपशिलात रेंगाळते आणि वाचकाची परीक्षा पाहते. तरी वाचकाने तो भाग वगळू नये, कारण पुढील चित्रांतील रंगांचा अर्थ तेथेच लागतो.

वाचकांस एक विनंती करून मी थांबतो. आपल्या घरात आजीच्या, पणजीच्या हातची वाकळ असेल, तर ती कोणी शिवली, कोणत्या गावी, कोणाच्या लुगड्यांतून आणि कोणासाठी, हे सांगणारी वडीलधारी बाई हयात असेतोवर तिला विचारावे, आणि ते नाव, गाव व साल एका कापडी पट्टीवर लिहून वाकळीच्या अस्तरास शिवून ठेवावे.